गोळ्यांकडून वाऱ्यांकडे

पाण्यात बुडवलेले दोन गोळे एकाच तालात फुगू आणि आकसू लागले, तर ते एकमेकांकडे ओढले जातात. ताल उलटा असेल तर दूर सरतात. विजेच्या आणि चुंबकाच्या बलांमागेही असेच एखादे प्रवाही माध्यम असावे, असे नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल ब्यर्कनेस यांना वाटे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात त्यांनी हे प्रयोग मांडले. मदतीला एकोणीस वर्षांचा मुलगा विल्हेल्म होता.

विल्हेल्म पुढे स्टॉकहोमला प्राध्यापक झाले. वडिलांचेच काम पुढे नेताना त्यांना एक गोष्ट खटकली. घर्षण नसलेल्या प्रवाहात भोवरे नव्याने जन्मत नाहीत, असे केल्विनचा सिद्धांत सांगे. पण त्यात घनता फक्त दाबावर अवलंबून असते, असे गृहीत धरले होते. समुद्रात तापमान आणि खारटपणा, हवेत तापमान आणि बाष्प यांनीही घनता बदलते. मग समान घनतेचे थर समान दाबाच्या थरांना तिरके छेदतात आणि तिथे अभिसरण सुरू होते. हे त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केले.

आपल्याकडच्या मुलांना खाऱ्या वाऱ्यांवरून हे समजेल. दुपारी जमिनीवरची हवा तापून विरळ होते, समुद्रावरची त्यामानाने दाट राहते. दाबाचे थर जवळजवळ आडवे, घनतेचे मात्र कललेले. खालून हवा जमिनीकडे येते, वरून समुद्राकडे परतते. ‘गरम हवा वर जाते’ एवढे सांगून आपण सहसा थांबतो. हे चक्र किती जोराने वेग घेईल, तेही ब्यर्कनेस यांच्या सूत्रातून काढता येते.

समुद्राचे आणि हवेचे अभ्यासक आता त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येऊ लागले. उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे का वाहतो, हा नान्सेन यांचा प्रश्न त्यांनी एकमन या विद्यार्थ्याकडे सोपवला. उत्तर पृथ्वीच्या परिवलनात मिळाले. १९०४ साली त्यांनी मोठाच दावा केला: हवेची आजची स्थिती नीट मोजली, तर सात समीकरणांवरून उद्याची काढता येईल. ती सोडवायची कशी, हे तेव्हा कोणालाच येत नव्हते. गंमत म्हणजे वडिलांच्या बलांवरही ते लिहीतच होते. त्यावरचे पुस्तक १९०६ साली निघाले. पुढे त्या कल्पनेला भौतिकीत जागा उरली नाही.

१९१३ साली ते लाइपझिगला गेले. महायुद्धात विद्यार्थी रणांगणावर गेले, म्हणून १९१७ साली ते बर्गनला गेले. ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा युद्धामुळे बंद होत्या. १९१८ साली नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे उभारावे लागले. त्या नोंदींतून त्यांचा मुलगा याकोब आणि इतर तरुणांना थंड आणि उबदार हवेमधल्या सीमा सापडल्या. ‘आघाडी’ हा भूगोलातला शब्द युद्धातूनच आलेला आहे.

१९५० साली अमेरिकेत एनियॅक या संगणकाने हवामानाचे पहिले गणित केले. चोवीस तासांच्या अंदाजाला सुमारे चोवीस तासच लागले. सातांऐवजी सोपे केलेले एकच समीकरण घेतले होते, आणि घनतेचे ते तिरके थर सोयीसाठी वगळले होते. पुढच्याच वर्षी विल्हेल्म वारले.