अंगणातला लोहगड

भातकापणी तोंडावर आली आहे, विळ्यांना धार लावून झाली असेल. आणि नेमकं अशाच वेळी घरातली पोरं मागे लागतात, "आई, गोणपाट दे, माती कालवून दे, किल्ला करायचाय." आपण आधी ओरडतो, मग गोणपाट काढून देतो. दर दिवाळीची ही गत. आज आम्ही या किल्ल्याबद्दलच बोलणार आहोत. पण सुरुवात करणार आहोत मोटारीपासून.

आमच्या गटातल्या एकीचा मुलगा मोटारीच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसभर खऱ्या गाड्या, आणि रात्री घरी येऊन खोक्यातल्या गाड्या जोडत बसतो. आम्हाला वाटलं, खेळणी असतील. एकदा मुद्दाम बघायला गेलो. खोक्यात गाडी नव्हतीच. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले शंभरएक बारीक तुकडे होते. दारं वेगळी, चाकं वेगळी, बसायच्या जागा वेगळ्या, इंजिनाचेही भाग. एकेक तुकडा कापायचा, कानसेनं घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. नखाएवढा आरसा चिमट्यानं बसवायचा. आणि सगळं झालं की शेवटी गाडीच्या पत्र्यावर गंज रंगवायचा, चाकांना चिखल लागल्यासारखा रंग द्यायचा! आपला सगळा जन्म चिखल धुण्यात गेला, आणि हा मुलगा रात्री जागून चिखल रंगवतोय. आम्ही खूप हसलो. मग तो म्हणाला, "मावशी, चिखल नसला तर ती गाडी रस्त्यावरून आल्यासारखी वाटत नाही." हे मात्र आम्हाला पटलं.

त्यानं आम्हाला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे माप. खोक्यावर १:२४ असं लिहिलेलं असतं. म्हणजे खऱ्या गाडीच्या २४ सेंटिमीटरला इथे १ सेंटिमीटर. मारुती ८०० ही सुमारे ३.३ मीटर लांबीची गाडी. २४ पट लहान केली की १४ सेंटिमीटरची होते, वीतभरही नाही. पण नुसती लांबी नव्हे, दाराची मूठसुद्धा २४ पटच लहान हवी. एक भाग जरी मापाबाहेर गेला तरी डोळ्याला लगेच खटकतो.

हा छंद जगभर पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, प्लॅस्टिक स्वस्त झालं तेव्हा. इंग्लंडमध्ये एअरफिक्स कंपनीनं १९५२ साली जहाजाचा एक लहानसा संच दोन शिलिंगला विकायला काढला, आणि तो सामान्य घरांत पोचला. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही आज या छंदातली बडी कंपनी. ती मुळात लाकडाची वखार होती. १९४६ साली सुरू झाली, लाकडाच्या प्रतिकृती करू लागली आणि १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली. आपल्या पुण्यातही कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून लहान आगगाड्यांचं संग्रहालय उभं केलं. ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. रूळ, बोगदे, सिग्नल, सगळं चालतं. पोरांची सहल काढायची असेल तर जरूर न्या.

पण मैत्रिणींनो, मोठी वस्तू बारकाव्यांसकट लहान करून बनवायची, हा नाद काही विलायतेतून आलेला नाही. मळवली स्टेशनवर उतरा आणि भाज्याच्या लेण्यांत जा. दोन हजार वर्षांहून जुनी लेणी ती. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर वर नजर टाका. खडकात छोटे छोटे सज्जे, कठडे, जाळीच्या खिडक्या कोरल्या आहेत. जणू कुणी अख्खी गल्ली लहान करून डोंगराला चिकटवली आहे. त्या काळची खरी घरं लाकडाची होती, ती कधीच गेली. ती कशी होती हे आज कळतं ते या दगडी प्रतिकृतींवरून. तिथेच एका विहारात चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. जाणकार त्याला सूर्याचा रथ मानतात. त्या रथात दोन बायका आहेत. एकीच्या हाती छत्र, दुसरीच्या हाती चवरी. गाडीत बायकांना जागा आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एकवीरा आईच्या दर्शनाला तर आपण जातोच. देवळाशेजारीच कार्ल्याचं चैत्यगृह आहे. तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, तशीच काम करणाऱ्याचीही आहेत. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुतारानं दरवाजा केला, असं तिथे कोरलेलं आहे. एका भिक्षुणीनं कठड्याचं दान दिल्याचाही लेख आहे. हातानं काम करणाऱ्या माणसाचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. आम्हाला ते वाचून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाली, "माझ्या हातच्या चुली गावभर आहेत, एकीवरही नाव नाही."

आता किल्ल्याकडे येऊ. मावळातल्या पोरांना किल्ला चित्रात बघावा लागत नाही. दारातून लोहगड दिसतो, विसापूर दिसतो, पवनेच्या काठी तुंग आणि तिकोना. तरीसुद्धा अंगणातले सगळे किल्ले एकसारखेच का होतात? एक ढिगारा, वर सिंहासन, चार बुरुज, एक भुयार, सलाइनच्या नळीचं कारंजं. दोन वर्षांपूर्वी तर एका घरी बाजारातून तयार किल्लाच आणला. रंगवलेला, हलका, उचलून ठेवला की झालं. परतीचा पाऊस आला आणि एका रात्रीत त्याचा बुरुज खाली बसला. पोरगं रडलं. रडायचं कारण बुरुज नव्हता. किल्ला कुठला, असं कुणी विचारलं तर त्याला सांगता येईना.

गेल्या वर्षी मुलींनी ठरवलं, लोहगडच करायचा आणि मापात करायचा. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. ११ आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यांत आपला लोहगड आहे, हे शाळेत सांगितलं होतं. वाड्यातली मोठी मुलं आली आणि म्हणाली, "तुम्ही शेणमाती कालवा गं, बुरुज आम्ही रचतो." मुलींनी त्यांना दुसरं अंगण दाखवलं.

मग मुली वहीत हिशेब मांडून बसल्या. लोहगड समुद्रसपाटीपासून १,०३३ मीटर उंच. हजारपट लहान केला तर मीटरभर, म्हणजे अंगण हा समुद्र धरला तर किल्ला आपल्या कमरेच्या वर येतो. विंचूकाटा सुमारे दीड हजार मीटर लांब आणि तीस मीटर रुंद मानतात. तो होतो दीड मीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद. इथपर्यंत जमलं. पण मग माणूस केवढा? दीड-दोन मिलिमीटर! मोहरीच्या दाण्याएवढा. आणि बाजारातला मातीचा मावळा तर आठ सेंटिमीटरचा. त्याच्या मापानं, म्हणजे वीसपट लहान, किल्ला करायचा तर एकटा विंचूकाटाच ७५ मीटर लांब. देवळापासून पार ओढ्यापर्यंत जाईल.

मुलींनी तोड काढली. अख्खा किल्ला नको, फक्त दरवाज्यांची वाट करायची. लोहगडाची खरी करामत तीच आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे चार दरवाजे आणि त्यांच्यामधून सापासारखी वळत जाणारी वाट. शत्रू एका वळणावरून पुढे सरकला की वरच्या तटावरून मारा होणारच. एका रविवारी आम्ही चौघीजणी मुलींबरोबर गडावर गेलो, शिवणाची ६० इंची टेप घेऊन. उंबरे मोजले, पायऱ्या मोजल्या, कमानीपर्यंत टेप पुरेना तेव्हा ओढणीला गाठी मारून मोजलं. आमच्यातल्या दोघी तर आयुष्यभर गडाच्या पायथ्याशी राहून पहिल्यांदाच वर गेल्या.

वर गेल्यावर गोष्टी निघतातच. १६४८ साली शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात द्यावा लागला, १६७० मध्ये परत घेतला, हे पोरींना पाठ होतं. नारायण दरवाज्याजवळच्या भुयारात भात आणि नाचणी साठवत, हे त्यांना नवं होतं. गणेश दरवाज्याची सांगी तर त्यांनी ऐकलीच नव्हती. तो दरवाजा टिकावा म्हणून एका घराण्यातला पुरुष आणि एक बाई तिथे जिवंत बळी दिली, आणि वंशजांना लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, असं सांगतात. पुरुषांच्या शौर्याचा तो दरवाजा, पण सांगीप्रमाणे पायाखाली एक बाई आहे. मुली बराच वेळ गप्प होत्या.

वर नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळाकोनी तळं आहे. नाना १८०० साली वारले. मागे राहिलेली त्यांची लहान वयाची विधवा जिऊबाई आसऱ्याला आली ती याच गडावर. पुण्यात पेशव्यांची भांडणं चालली होती, आणि गड नानांच्या माणसाच्या, धोंडोपंत निजसुऱ्यांच्या ताब्यात होता. पुढे इंग्रज सेनापती वेलस्लीनं मध्ये पडून तिची पनवेलला राहायची सोय केली, वर्षाला १२,००० रुपये ठरवून. १८१८ च्या मार्चमध्ये आधी विसापूर आणि पाठोपाठ लोहगड इंग्रजांनी घेतला. विसापूरचे दरवाजे त्यांनी पाडले, लोहगडाचे राहिले. म्हणून तर आपल्याला मोजता आले.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं, आणि तिथे मुलींचं गणित थांबलं. वीसपट लहान कमान मातीची उभी राहीना. दोनदा भेगा पडून कोसळली. तेव्हा ती चुलीवाली आजी उठली. खाचरातली चिकट माती एकटी घेतली तर भेगा जाणारच, म्हणाली. तिनं मातीत भाताचा तूस घातला, शेण घातलं, पेंढ्याचे बारीक तुकडे घातले, आणि माती रात्रभर ओल्या गोणपाटाखाली मुरत ठेवली. सकाळी आत दगड रचून त्यावर कमान थापली, ओल्या हातानं गुळगुळीत केली आणि उन्हात नाही, सावलीत वाळवली. दोन दिवसांनी आतले दगड हळूच काढले. कमान उभी. चूल घालताना तोंडाची कमान ती अशीच धरते. साठ वर्षं करतेय, पण याला कुणी बांधकाम म्हटलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. पोरांनी केला तो किल्ला, आणि आपण घातली ती नुसती चूल, असंच आपण धरत आलो.

उतारावर अळीव पेरले. ही पेरणी दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी करा, लवकर केली तर ऐन सणात गवत आडवं होतं. पायऱ्यांना विटेचे तुकडे लावले, तटाला काव आणि राख मिसळून रंग दिला. मोटारवाला मुलगा बघायला आला. त्यानं पातळ काळपट पाणी करून दगडांच्या फटींत सोडलं, आणि चार दिवसांचा तट एकदम तीनशे वर्षांचा दिसायला लागला. गंज रंगवायची त्याची विद्या इथे कामाला आली.

मग मांडायची वेळ झाली. बाजारातून आणलेल्या चित्रांत पंधरा मावळे, एक वाघ, एक वासुदेव आणि एक गवळण. गवळणीला दरवेळी खाली विहिरीशी ठेवतात. मुलींनी तिला उचललं आणि नारायण दरवाज्यापाशी, धान्याच्या भुयाराच्या तोंडाशी उभं केलं. जिऊबाईचं चित्र मिळेना, तेव्हा एकीनं उरलेल्या मातीचं केलं. नाक जरा वाकडं झालं, पण माप बरोबर होतं. ती सोळाकोनी तळ्याजवळ बसवली. गणेश दरवाज्याच्या पायाशी काहीच ठेवलं नाही. रोज संध्याकाळी तिथे एक पणती लावायच्या. बघायला येणारे विचारायचे, इथे पणती कशाला? मुली सांगायच्या. काही पुरुष मंडळी सांगी ऐकून म्हणाली, सणासुदीला असलं कशाला बोलता? आजी म्हणाली, "आम्ही बांधलाय, आम्ही सांगणार."

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला. माती परसबागेत गेली, तिच्यात या वर्षी वालाचा वेल चढलाय. कमान मात्र मोडू दिली नाही, ती आजीच्या ओसरीवर आहे आणि तिच्यावर आतल्या बाजूला खिळ्यानं नाव कोरलंय. कोरताना ती लाजली, पण अक्षर तिनं स्वतःच गिरवलं.

या दिवाळीला मुली तिकोना करणार आहेत. टेप धुऊन ठेवली आहे. तुमच्या घरी रिकामी गोणपाटं असतील तर टाकू नका, आणि गिरणीवरून भाताचा तूस दोन पोती आत्ताच आणून ठेवा, कापणी सुरू झाली की कुणाला वेळ मिळायचा नाही.