मोबाईल बदलला, माणूस तोच!

आपण मोबाईल बदलला की ओटीपीवर भागतं. शेतकऱ्याचं काय? २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळहून पीएम-किसानचा १६वा हप्ता सुटला. त्यासाठी ई-केवायसी हवंच. आधी दोनच वाटा होत्या. एक ओटीपी, पण आधारला जोडलेला नंबर बंद पडला की ती खुंटली. दुसरी सेवा केंद्रातला बोटाचा ठसा. पण शेतात राबून झिजलेली बोटं यंत्राला कुठली ओळखू येतात? जून २०२३ मध्ये चेहऱ्याची तिसरी वाट आली. शेजाऱ्याच्या मोबाईलवरही काम होतं. झकास! पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा थोडाच? म्हणून मला वाटतं, तिन्ही वाटा चालू हव्यात. नाहीतर सुरक्षा सिस्टीमची, हेलपाटे शेतकऱ्याचे!