हाली रुपयातली वर्गणी

आजोबांची उर्दू फर्डी. मराठी लिहायची वेळ आली की मात्र पेन अडखळे. त्यात नवल नव्हतं. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, कचेरीतला कागद उर्दूत; उर्दू न येणाऱ्यानं आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. मराठी उरली होती घरात, पोथीत आणि 1901 सालापासून परभणीच्या गणेश वाचनालयात.

“सभा म्हटली की गश्ती निशाण त्रेपन्न हे सरकारी परिपत्रक आडवं यायचं, आधी परवानगी काढा. पेपर वाचत बसलेल्या दहा माणसांना कोण काय म्हणणार?” आजोबा हसून सांगत. वाचनालयाला गणपतीचं नाव दिलं ते सरकारची नजर चुकवायलाच, असाही त्यांचा दावा असे. खरंखोटं गणपतीला ठाऊक. पण वाचनालयं, खाजगी मराठी शाळा आणि गणेशोत्सव यांच्या आडोशानं मराठवाड्यात माणसं जमत गेली, हे खरंच. 1937 साली निजाम राज्यातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला; आजोबाही त्यात होते.

आजी मात्र वाचनालयाची पायरी कधी चढली नाही. कापसाची गाडी अडत्याकडे रिकामी झाली की आजोबा पुस्तक बदलून आणत. वर्गणी निजामाच्या हाली रुपयात, पुस्तकं मात्र पुण्या-मुंबईहून इंग्रजी कलदार मोजून यायची. सहा कलदारांना साधारण सात हाली. म्हणून नवं पुस्तक आलं की ते जपून हाताळायचं. चिमणीच्या उजेडात आजी अक्षर अक्षर जोडून मोठ्यानं वाचे, शेजारच्या बाया वाती वळत ऐकत. पुढं गावात कुणाचं पत्र आलं की ते आधी आजीकडं यायचं. “आणलं ह्यांनी, वाचलं मी,” हे ती आजोबांसमोरच म्हणे. आजोबांचा सत्याग्रह आम्हाला पाठ होता. आजीच्या वाचनाची दखल घरातही कुणी घेतली नाही, हे मला आता खटकतं.

सातोन्याचे बी. रघुनाथ याच काळातले. परभणीत बांधकाम खात्यातली नोकरी, आणि त्या नोकरीत राहून मराठी कविता, कथा, कादंबऱ्या. 7 सप्टेंबर 1953 रोजी, अवघ्या चाळिशीत ते गेले. परभणीकर त्यांच्या आठवणीत दरवर्षी ‘एक तास बी. रघुनाथांसाठी’ जमतात.

1967 साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदान आलं. परवानगी मागायचे दिवस निजामी राज्याबरोबरच सरले होते. आता वाचनालयांत स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर बसलेली दिसतात. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, अभ्यासाला जागा कुठली? कादंबरीच्या कपाटाकडं ती फिरकत नाहीत म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मला ते पटत नाही. आजोबा तरी पहिल्यांदा पेपरसाठीच गेले होते.

गावाकडच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला आपली रद्दीतली जुनी पुस्तकं नेऊन देऊ नका. वर्षाची वर्गणी भरा, घरातल्या बायकांच्या नावानंही भरा, आणि हवं ते पुस्तक मागा.