चव्वेचाळीस शब्द

दिवाळीच्या चार दिवसांत भुताखेतांचे नाव काढू नये, असे आमच्या घरी मोठी माणसे म्हणत. तरीही मी एका भयपटाविषयी लिहायला बसलो आहे, त्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. खरे तर हा भयपट फारसा भिववणारा नाहीच. भाचीने तो मला प्रथम तिच्या संगणकावर दाखवला, आणि तेव्हापासून मी तो सात-आठ वेळा तरी पाहिला असेन.

चित्रपटाचे नाव ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’. हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीने तो १९३५ साली काढला. फ्रँकेन्स्टाइन हे त्यातल्या राक्षसाचे नाव, असा पुष्कळांचा समज असतो. ते नाव आहे त्याला मुडद्यांच्या तुकड्यांतून घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे. राक्षसाचे बारसे कुणी केलेच नाही. मेरी शेली या इंग्रज लेखिकेने १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीतही त्याला नाव दिलेले नाही. मात्र वाणी भरपूर दिली आहे. तिथे तो एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून लपून राहतो, फटीतून त्यांचे बोलणे ऐकतो आणि ऐकून ऐकून भाषा शिकतो. पुढे तर एखाद्या पंडितासारखा युक्तिवाद करतो.

या मालिकेतला पहिला बोलपट ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३१ सालचा. योगायोग असा, की त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि आपला मुका पडदा बोलू लागला. तिकडे मात्र बोलपटातला हा राक्षस मुकाच! गुरगुरायचे आणि हात पसरायचे, एवढीच त्याची भाषा. ती भूमिका करणारा बोरिस कार्लोफ हा लंडनचा, जन्म १८८७ सालचा, खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचे वडील हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारच्या मिठाच्या खात्यात अधिकारी होते. ज्या करापायी पुढे १९३० साली आपल्या शिरोड्याला सत्याग्रह झाला, तेच हे मीठ. पहिल्या चित्रपटाच्या आरंभीच्या नामावळीत राक्षसाच्या नटाच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह होते. चार वर्षांनी ‘कार्लोफ’ एवढेच ठसठशीत नाव पुरेसे झाले, आणि प्रश्नचिन्ह वधूच्या वाट्याला आले.

दिग्दर्शक जेम्स व्हेल हा डडली या इंग्रजी गावातल्या भट्टी-कामगाराचा मुलगा. पहिल्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत पडला आणि तिथल्या छावणीत नाटके बसवता बसवता नाटकवाला झाला. दुसरा भाग काढायला तो मुळीच राजी नव्हता. या विषयातला रस आपण पिळून काढला आहे, असे त्याचे म्हणणे. अखेर तो तयार झाला तो स्वतःच्या मर्जीप्रमाणे करण्यासाठी. म्हणून या चित्रपटात भीतीच्या जोडीला विनोद आहे, तिरकसपणा आहे, आणि राक्षसाला वाचा आहे.

ही वाचा कशी ठरली, ते ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. असे सांगतात, की स्टुडिओत काम करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका मागवल्या, त्या चाळल्या आणि त्यांतून चव्वेचाळीस सोपे शब्द निवडून काढले. राक्षसाची सारी शब्दसंपत्ती तेवढीच. कार्लोफला हे पसंत नव्हते. राक्षस बोलला की त्याची जादू गेली, असे त्याचे मत होते. पहिल्या वेळी गाल खोल दिसावेत म्हणून त्याने आपले बसवलेले दात काढून ठेवले होते. आता बोलायचे म्हणजे दात हवेत, म्हणून या चित्रपटात त्याचा चेहरा थोडा भरलेला दिसतो. कार्लोफचे मत चुकीचे होते, असे मला ठामपणे वाटते. अर्थात मी नट नाही.

जंगलात एका आंधळ्या साधूची झोपडी आहे. तो व्हायोलिन वाजवत असतो, आणि गावकऱ्यांनी पिटाळलेला राक्षस त्या सुरांमागे तिथे येतो. साधूला त्याचे रूप दिसत नाही. त्याला एवढेच कळते, की आलेला माणूस जखमी आहे आणि त्याला बोलता येत नाही. तो त्याला खाऊ घालतो, निजवतो आणि दुसऱ्या दिवशी शिकवायला बसतो. भाकरी चांगली. मित्र चांगला. एकटे वाईट. राक्षस एकेक शब्द तोंडात घोळवतो, जणू शब्दही खायचाच पदार्थ आहे. शिकवणे असे असते, हे मी वीस वर्षे खडू झिजवून इतक्या स्पष्टपणे कधी पाहिले नव्हते.

माझ्या वर्गात एका हंगामात ऊसतोडीच्या टोळीतला एक मुलगा आला होता. वय दहाच्या आसपास. घरची बोली निराळी, मराठी शब्द मोजून तीस-चाळीस. एकदा त्याने धडपडत उभे राहून फळ्यावरच्या चित्राचे नाव सांगितले, ते चुकले. वर्ग हसला. मीही हसलो. त्यानंतर पट्टा पडेपर्यंत तो वर्गात एक अक्षर बोलला नाही, आणि टोळी गेली तशी त्याची पाटीही गेली. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी लाल शाईने ‘स्थलांतर’ असे लिहिले, ते अक्षर मात्र सुरेख आले होते.

ज्या वधूचे नाव चित्रपटाला आहे, ती शेवटची काही मिनिटेच दिसते. एल्सा लँचेस्टरने मेरी शेली आणि वधू अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. तिचे ते उभे केस, त्यांतली पांढरी वीज आणि लंडनच्या बागेतल्या चिडक्या हंसांवरून उचललेला तो फूत्कार जगभर गाजला. तिलाही राक्षस नकोसा वाटतो. मग तो प्रयोगशाळा उडवून देतो. पण शास्त्रज्ञाला आणि त्याच्या बायकोला आधी जायला सांगतो. मूळ बेत शास्त्रज्ञालाही मारण्याचा होता. शेवट बदलला, तरी कोसळत्या भिंतीपाशी तो अजून दिसतोच. भाचीने बोट ठेवून दाखवला.

पुढे १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस पुन्हा मुका झाला. कार्लोफने या मालिकेतली ती भूमिका तेव्हा शेवटची केली. १९४३ च्या चित्रपटात बेला लुगोसी राक्षस झाला. त्याची वाक्ये चित्रितसुद्धा झाली होती, पण चित्रपट बाहेर पडण्यापूर्वी ती सारी कापून टाकली.

झोपडीच्या प्रसंगाच्या अखेरीस दोन शिकारी वाट चुकून दाराशी येतात आणि त्या आंधळ्याला सांगतात, की तुझा पाहुणा कोण आहे. ते यायच्या आत मी उठतो आणि चहा टाकायला जातो. भाची ओरडते, “मामा, चित्रपट थांबवू का?” मी आतूनच सांगतो, “नको, चालू दे. मला पुढचं ठाऊक आहे.”