चामडी पाठपिशवी

चामडी पाठपिशवी ही कमावलेल्या चामड्यापासून तयार केलेली, दोन पट्ट्यांच्या आधारे पाठीवर वाहून नेण्याची पिशवी आहे. बोलीभाषेत तिला 'लेदर सॅक' असे म्हणतात. रोजच्या वापराच्या पिशवीची धारणक्षमता साधारणपणे १५ ते २५ लिटर असते. महाविद्यालय, कार्यालय आणि लहान प्रवास अशा तिन्ही कारणांसाठी ती वापरली जाते. चांगली चामडी पिशवी अनेक वर्षे टिकते व तिची दुरुस्ती करता येते. मात्र ती कापडी पिशवीपेक्षा जड आणि महाग असते. तिचा टिकाऊपणा मुख्यतः चामड्याचा थर, कमावण्याची पद्धत आणि शिवण यांवर अवलंबून असतो. 'अस्सल चामडे' या शिक्क्यावरून यांपैकी कोणतीही बाब स्पष्ट होत नाही.

इतिहास

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोपातील पायदळाचे सैनिक कातड्याच्या पाठपिशव्या वापरत असत. अशा पिशवीच्या 'रान्सेल' या डच नावावरून जपानी भाषेत 'रांदोसेरु' हा शब्द आला. तोक्योतील गाकुशुइन या शाळेत १८८५ पासून पाठपिशवीचा वापर सुरू झाला व पुढे ती जपानी शालेय जीवनाची खूण बनली. प्राथमिक शाळेची सहाही वर्षे मुले सहसा एकच रांदोसेरु वापरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलक्या नायलॉनच्या पिशव्यांचा प्रसार झाला आणि चामडी पाठपिशवी प्रामुख्याने शहरी वापरापुरती उरली.

चामड्याचे थर

जनावराच्या कातडीचा केसांकडील वरचा थर सर्वांत दाट व मजबूत असतो. तो न घासता तसाच ठेवल्यास त्या चामड्याला 'फुल ग्रेन' म्हणतात. त्यावर रंध्रे, सुरकुत्या व जुन्या जखमांचे व्रण दिसतात; ते दोष नसून नैसर्गिक खुणा होत. डाग काढण्यासाठी वरचा पृष्ठभाग घासून त्यावर लेप दिला, तर चामडे एकसारखे दिसते, पण काही अंशी कमजोर होते. कातडीच्या खालच्या थरापासून 'स्प्लिट' चामडे मिळते. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन कृत्रिम पोत उमटवला जातो. चामड्याचा चुरा चिकटद्रव्याने एकत्र करून केलेले 'बाँडेड लेदर' सर्वांत कमी टिकते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मालाला केवळ 'लेदर' असे संबोधणे दिशाभूल करणारे मानले जाते.

कमावण्याच्या पद्धती

वनस्पतिजन्य पद्धतीत साली व फळे यांतील टॅनिन वापरले जाते. या प्रक्रियेला अनेक आठवडे लागू शकतात. असे चामडे सुरुवातीला ताठ असते आणि वापराने मऊ व गडद होत जाते. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले चामडे याच प्रकारचे आहे. क्रोमियमचे क्षार वापरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. ती जलद असून तिने तयार झालेले चामडे मऊ व पाण्याला अधिक दाद न देणारे असते. मात्र सांडपाण्यावर प्रक्रिया न केल्यास प्रदूषण होते. कानपूरच्या जाजमऊ भागातील, प्राथमिक सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा नसलेले चर्मोद्योग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला होता.

निवडीचे निकष

चामडे: कापलेल्या कडेला तंतूंची सलग रचना दिसावी. कडेला विणलेले कापड व त्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दिसल्यास ते कृत्रिम चामडे असते. केवळ वासावरून केलेली पारख विश्वसनीय नसते, कारण वास कृत्रिमरीत्या देता येतो.

शिवण: सर्वाधिक ताण पट्टे जोडलेल्या जागी येतो. तेथे दुहेरी शिवण किंवा रिव्हेट असणे आवश्यक असते. दोन सुयांनी घातलेल्या हातशिवणीतील एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सहसा सुटत नाहीत.

धातूचे भाग: भरीव पितळेची बक्कले मुलामा दिलेल्या स्वस्त मिश्रधातूपेक्षा अधिक टिकतात. चेन बिघडल्यास ती बदलता येईल अशी अस्तराची रचना असावी.

वजन: रिकाम्या चामडी पिशवीचे वजन अनेकदा दीड किलोच्या आसपास असते. भारतातील देशांतर्गत विमानप्रवासात हातातील सामानाची मर्यादा सामान्यतः ७ किलो असते. दीड किलोची पिशवी व दोन किलोचा लॅपटॉप मिळून निम्मी मर्यादा संपते. त्यामुळे वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांच्या बाबतीत वजन हा निर्णायक निकष ठरतो. रुंद, अस्तर लावलेले पट्टे खांद्यांवरील दाब कमी करतात.

निगा

कोकण व मुंबईसारख्या दमट भागांत पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते. भिजलेली पिशवी कोरड्या कापडाने टिपून, आत वर्तमानपत्राचे कागद भरून सावलीत वाळवतात. कडक ऊन किंवा हीटरमुळे चामडे आकसते व तडकते. साठवणीसाठी प्लास्टिकऐवजी सुती पिशवी योग्य ठरते. वर्षातून एक-दोनदा चामड्याचे मलम लावणे सहसा पुरेसे असते. अतिरिक्त तेलाने चामडे सैल पडते.

भारतातील उत्पादन

कानपूर, कोलकाता आणि तमिळनाडूतील राणीपेट, आंबूर व वाणियंबाडी ही प्रमुख केंद्रे आहेत. मुंबईतील धारावी चामडी वस्तूंच्या निर्मितीसाठी व विक्रीसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात कातडी कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे, तर चामडी वस्तू बनवण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. जातिव्यवस्थेने या श्रमाला अस्पृश्यतेचा कलंक लावला, परंतु चामडे पारखण्याचे व टिकवण्याचे ज्ञान याच समाजांनी पिढ्यानपिढ्या जपले. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीची व्याप्ती बैल व वळूंपर्यंत वाढवण्यात आली; म्हशीचे कातडे या बंदीच्या कक्षेबाहेर आहे.

हे सुद्धा पहा

कोल्हापुरी चप्पल
चर्मोद्योग
धारावी