बाईंची रजा

१९७१ सालची गोष्ट. ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये जो कॅरल लाफ्लूर नावाची ज्युनियर हायस्कूलची शिक्षिका होती. तिचं बाळ जुलैअखेर होणार होतं. शाळा जूनमध्ये संपते, तेव्हा वर्ष पुरं करावं आणि सुट्टीत बाळंतपण उरकावं, असा तिचा सरळ हिशोब. शिक्षण मंडळाचा हिशोब वेगळा होता. १९५२ च्या नियमाप्रमाणे अपेक्षित तारखेच्या पाच महिने आधी बाईंनी बिनपगारी घरी बसायचं. परत यायचं ते बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर जी सहामाही सुरू होईल तेव्हा. तेव्हाही नोकरीची हमी नाही, फक्त रांगेत पुढचा नंबर. नियम मोडला तर बडतर्फी!

पाचच महिने का? खटल्यात याचं उत्तर बाहेर आलं. साधारण तेव्हापासून पोट दिसू लागतं, आणि मुलं फिदीफिदी हसतात, त्यातून बाईंना वाचवायचं म्हणे.

त्याआधी तर परिस्थिती आणखी वाईट होती. कित्येक ठिकाणी लग्न झालं की शिक्षिकेची नोकरी जायची. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली ब्रिजेट पिक्सोटो या शिक्षिकेला बाळंतपणामुळे गैरहजर राहिल्याबद्दल 'कर्तव्यात कसूर' असा ठपका ठेवून काढलं होतं. १९१५ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी तिला परत घ्यायला लावलं.

लाफ्लूर खालच्या कोर्टात हरली, अपिलात जिंकली. व्हर्जिनियाची सुसान कोहेन अशाच खटल्यात अपिलात हरली. दोन अपील कोर्टांचे दोन निकाल, त्यामुळे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २१ जानेवारी १९७४ ला ७ विरुद्ध २ मतांनी दोघी जिंकल्या. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तिला किंवा तिच्या डॉक्टरला न विचारता प्रत्येक गरोदर बाई अमुक तारखेपासून शिकवायला असमर्थ आहे, असं धरून चालता येणार नाही.

सक्तीने घरी बसवणं थांबलं, पण घरी राहावं लागलं तर पगाराचं काय? १९७६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की आजारपणाच्या योजनेतून बाळंतपण वगळलं तर तो भेदभाव नाही. त्यावर बराच गदारोळ झाला आणि १९७८ मध्ये काँग्रेसने कायदाच बदलला. इतर आजारांना जे मिळतं, ते बाळंतपणालाही द्या. अपेंडिक्सला सिक लीव्ह चालते, तर बाळंतपणालाही चालली पाहिजे.

आपल्या आज्या म्हणायच्या, बाळंतपण म्हणजे काही आजार नव्हे. इथे मात्र ते आजाराच्याच खात्यात टाकावं लागलं, कारण पगारी खातं तेवढं एकच होतं. (आपल्या मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ मध्येच झाला. डॉ. आंबेडकरांनी कौन्सिलमध्ये त्याला पाठिंबा दिला होता.)

आता या खात्याचं गणित बघा. ओहायोत शिक्षकाला वर्षाला १५ सिक डेज, आणि उरलेले साठत जातात. तीन वर्षं झालेल्या बाईंकडे फार तर ४५. नॉर्मल बाळंतपणाला डॉक्टर साधारण सहा आठवडे लिहून देतात, सिझेरियनला आठ. म्हणजे आपला सव्वा महिना आणि वर थोडेसे दिवस! त्यानंतर बाई बऱ्या झाल्या असं धरतात, आणि दिवस शिल्लक असले तरी बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ते वापरता येत नाहीत.

१९९३ च्या फॅमिली लीव्ह कायद्याने १२ आठवडे मिळतात, पण बिनपगारी. तेही नोकरीला एक वर्ष झालं असेल तरच. बहुतेकांचा गैरसमज असतो, की सिक डेज संपले की मग हे १२ आठवडे सुरू होतात. सहसा दोन्ही एकदमच चालतात. शिक्षकांसाठी आणखी एक पोटनियम आहे. रजा सत्र संपायच्या पाच आठवड्यांहून आधी सुरू झाली, निदान तीन आठवडे चालली आणि परतायची तारीख शेवटच्या तीन आठवड्यांत आली, तर शाळा 'आता सत्र संपल्यावरच या' म्हणू शकते. उन्हाळ्याची सुट्टी मात्र या १२ आठवड्यांत धरत नाहीत.

आम्ही कन्सल्टंट मंडळी बिलिंगच्या तासांवर जगतो, त्यामुळे मला हे सगळं एक्सेल शीटमध्ये मांडायला आवडतं. शिवाय आमच्याकडे एप्रिलमध्ये नवा पाहुणा येतोय. बायको शाळेत गणित शिकवते. तिचे साठलेले दिवस आहेत ३१, आणि सर्दी-खोकल्याचा मोसम अजून सुरू व्हायचाय.