मुदतीच्या तापाची साक्ष

टायफॉइडला आपल्याकडे 'मुदतीचा ताप' म्हणतात. नाव मोठे अर्थाचे आहे. औषध नव्हते त्या काळी हा आतड्यांत ठाण मांडणारा ताप तीन-चार आठवड्यांची आपली मुदत पुरी केल्याखेरीज सहसा उतरत नसे, आणि घरातली माणसे मुलाच्या उशाशी दिवस मोजीत बसत. १९४८ साली त्यावर क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध लागू पडते असे दिसले आणि ती मुदत आटोक्यात आली. पण या तापाला आणखी एक मुदत आहे. ताप गेला, मूल अंगणात खेळू लागले. मग त्या आजाराची खूण त्याच्या रक्तात किती दिवस टिकते? मी इतिहासाचा अध्यापक, वैद्यकात माझी गती नाही. परंतु साक्षीदार कितपत विश्वासाचा, हे पारखणे आमचे रोजचेच काम; आणि हा सारा इतिहास एका साक्षीदाराचाच आहे.

रोगजंतू शरीरात शिरला की त्याला तोंड देण्यासाठी रक्तात काही द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. १८९६ साली व्हिएन्नात ग्रूबर आणि डरहॅम यांना दिसले, की अशा रक्ताचा निवळ भाग जंतूंत मिसळला तर जंतूंच्या गुठळ्या होतात. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फेर्नां विदाल यांनी ही युक्ती रोग्याच्या उशाशी आणली. रोग्याचे रक्त घ्यावे, टायफॉइडच्या जंतूंशी त्याची गाठ घालून द्यावी. गुठळ्या झाल्या तर ताप टायफॉइडचा. 'विडाल' या नावाने ती तपासणी आजही आपल्या गल्लीबोळांतून होते.

येथेच साक्षीचा प्रश्न उभा राहतो. विडालमध्ये दोन प्रकारची प्रतिपिंडे पाहतात. त्यांना 'ओ' आणि 'एच' अशी नावे आहेत. 'ओ' आधी दिसतात आणि काही महिन्यांत ओसरतात. 'एच' मागाहून येतात आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे रेंगाळतात. पहिल्या आठवड्यात तर दोन्ही गप्पच असू शकतात. ज्या देशात टायफॉइड क्वचित आढळतो तेथे ही साक्ष बरीच उपयोगी पडते. परंतु जेथे पाण्याबरोबर हे जंतू वारंवार पोटात जातात, तेथे धडधाकट मुलाच्या रक्तातही प्रतिपिंडे सापडतात. मुलाला आज ताप आला आहे मलेरियाचा, आणि कागद बोलतो आहे दोन वर्षांपूर्वीच्या टायफॉइडविषयी! साक्षीदार खोटे सांगत नाही, मात्र तारीख सांगायला विसरतो. मग नको ते औषध पोटात जाते आणि खरा रोग आत वाढत राहतो. म्हणून जाणते डॉक्टर, शक्य तेथे, औषध सुरू करण्याआधी रक्त घेऊन त्यातून जंतूच वाढवून पाहतात. त्याला वेळ लागतो, पण ती साक्ष आजची असते.

आता दुसरी बाजू. हीच प्रतिपिंडे मुलाचे रक्षण किती काळ करतात? एकदा टायफॉइड झाला म्हणजे जन्माची सुटका, असे नाही. तो पुन्हा होऊ शकतो. लशीचे काय, हे पाहण्यासाठी १९६० साली तेव्हाच्या ब्रिटिश गियानात शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. मृत जंतूंच्या दोन लशी टोचून मुलांवर सात वर्षे नजर ठेवली. ॲसिटोनने मारलेल्या जंतूंच्या लशीने सुमारे ८८ टक्के संरक्षण दिले; उष्णता आणि फिनॉल यांनी केलेली लस तिच्या मागे पडली. जंतू कसा मारला, यावरही आठवण अवलंबून असते म्हणायची! परंतु या लशींनी ताप येई, दंड सुजे. त्यामुळे त्या मागे पडल्या.

पुढे जंतूच्या बाह्य आवरणातली 'व्हीआय' नावाची शर्करा वेगळी काढून लस केली. ती सौम्य होती, पण दोन वर्षांखालच्या बाळांना तिचा भरवसा देता येईना, आणि मोठ्यांतही दर तीन वर्षांनी पुन्हा टोचावे लागे. कारण नुसती शर्करा शरीराला टिकाऊ आठवण देत नाही. तीच शर्करा प्रथिनाला जोडली, की बाळाचे शरीरही तिची दखल घेते. अशी जोडलस भारतात तयार झाली. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती सार्वजनिक कार्यक्रमातून दिली. जगात असा कार्यक्रम हा पहिलाच.

ही आठवण तरी किती टिकते? आफ्रिकेतील मलावीत चार वर्षांनंतरही सुमारे ७८ टक्के संरक्षण आढळले. ढाक्यात मात्र आरंभी ८५ टक्के असलेले संरक्षण तीन ते पाच वर्षांत निम्म्यावर आले, आणि अगदी लहानपणी लस घेतलेल्यांत घट अधिक दिसली. पुढच्या मात्रेचा विचार त्यातूनच सुरू झाला.

तेव्हा रक्ताची आठवण ही अशी आहे: तपासणीत नकोशी वाटेल इतकी रेंगाळणारी आणि संरक्षणाला हवी तेव्हा ओसरणारी. तिच्यावर सगळा भार टाकून चालणार नाही. लस जरूर घ्यावी, पण टायफॉइडचा जंतू येतो तो मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून. युरोप-अमेरिकेतली अनेक शहरे त्यातून सुटली, ती मुख्यतः नळाचे पाणी शुद्ध केल्याने आणि सांडपाणी दूर नेल्याने. रक्त विसरते; म्हणून गावाने विसरू नये.